अँटवर्पचा एकोणिसावा

बेंगळुरूच्या जुन्या रहिवाशांपैकी अनेक जण भारतीय विज्ञान संस्थेला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखतात. यशवंतपूरच्या बाजूने जाणाऱ्या बसचा वाहकही पूर्वी याच नावाने थांबा पुकारीत असे. म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर १९०९ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेचे स्वप्न जमशेटजी टाटांचे. परंतु ते पुरे होण्यापूर्वीच, १९०४ मध्ये, त्यांचा देहान्त झाला. वडिलांचा शब्द खाली पडू न देण्याची जबाबदारी थोरले पुत्र दोराबजी यांनी पार पाडली. पोलाद कारखाना, जलविद्युत आणि विज्ञान संस्था ही तीन कामे त्यांच्या नावावर इतिहासाने ठळक अक्षरांत नोंदली आहेत. चौथे काम मात्र काहीशा आडबाजूला राहिले. हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक चमू परदेशी धाडण्याचे ते काम होय; आणि त्या चमूत बेळगावचा एक तरुण होता. फडेप्पा दरेप्पा चौगुले हे त्याचे नाव.

हे नावच मुळात सीमाभागाचा एक छोटा दस्तऐवज आहे. ‘फडेप्पा’ आणि ‘दरेप्पा’ ही दोन्ही नावे कानडी वळणाची. ‘चौगुले’ हे आडनाव मराठी ग्रामव्यवस्थेतले. पाटलाच्या हाताखाली गावकामगार म्हणून वावरणारा तो चौगुला. वडिलांना ‘अप्पा’ म्हणणारी आणि वतनाचे कागद मोडीत लिहिणारी घरे बेळगाव परिसरात पिढ्यान्पिढ्या एकाच आळीत नांदत आली. १९२० साली बेळगाव मुंबई इलाख्यात होते. ते पुढे १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले आणि मग त्या जिल्ह्याविषयी लिहिताना प्रत्येकाला आधी बाजू निवडावी लागू लागली. चौगुल्यांच्या वेळी तसे नव्हते. ते धावले तेव्हा ना कोणी त्यांना मराठी म्हणून मिरवले, ना कोणी कानडी म्हणून. आणि बहुधा म्हणूनच पुढे दोघेही त्यांना सोयीस्करपणे विसरले.

दोराबजींना मैदानी खेळांची गोडी केंब्रिजच्या शिक्षणात लागली. मायदेशी परतल्यावर मुंबईतील शाळांच्या क्रीडासंघटनेचे काम त्यांनी हौसेने केले. पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९०६ साली स्थापन झालेला हा जिमखाना त्या काळच्या इतर जिमखान्यांहून निराळा होता. साहेबांसाठी साहेबांनी काढलेली ती संस्था नव्हती. पुण्यातील शिकलेल्या मंडळींनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेली होती. वार्षिक क्रीडामहोत्सवात लांब पल्ल्याच्या शर्यती होत आणि त्यांत भाग घ्यायला आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले येत. १९१९ च्या मेळाव्यात दोराबजींनी ही मुले धावताना पाहिली. पायांत जोडा नाही, अंगावर धड कपडा नाही, खाणे म्हणाल तर भाकरी-कोरड्यास. धावण्याचे युरोपीय नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिकवणारा तर कोणी नव्हताच. तरीही त्यांनी नोंदवलेल्या वेळा युरोपातील चांगल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी हा अनुभव सविस्तर नोंदवला आहे. वयाच्या सत्तरीतही तो विस्मय त्यांच्या मनातून ओसरला नव्हता, हे त्या पत्रातून जाणवते.

जे त्यांनी पाहिले ते खेड्यातल्या माणसाला मुळीच नवे नव्हते. मराठेशाहीत जासूद दख्खनच्या पठारावरून पायी टपाल नेत. घाट चढून बाजाराला जाणे आणि दिवेलागणीला परत येणे ही हजारो घरांची दिनचर्या होती. पोटासाठी चाललेल्या धावण्याला कोणी खेळ म्हणत नाही, इतकेच.

मेळाव्याला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. (ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान लॉइड जॉर्ज ते हे नव्हेत, नावांच्या या उलटापालटीने कित्येक लेखकांना चकवले आहे.) पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये होणाऱ्या ऑलिंपिकला यांतले काही धावपटू का पाठवू नयेत, हा विषय तेथेच निघाला. गव्हर्नरांच्या मध्यस्थीने ब्रिटिश ऑलिंपिक समितीकडून परवानगीचा मार्ग मोकळा झाला. तोवर हिंदुस्थानचे नाव ऑलिंपिकशी एकदाच जोडले गेले होते. कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी १९०० साली पॅरिसला धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली होती. पण ते स्वतःच्या खर्चाने, एकटे गेलेले गृहस्थ होते. निवड चाचणी घेऊन, वर्गणी काढून, चमू बांधून पाठवण्याचा प्रयोग हा पहिलाच.

अडचणींना सुमार नव्हता. नुकतेच महायुद्ध संपले होते. इन्फ्लुएन्झाच्या साथीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील गावेच्या गावे ओस पाडली होती, वर अवर्षण. जालियनवाला बागेला वर्षही उलटले नव्हते. अशा वेळी चार-सहा तरुणांना पळण्यासाठी सातासमुद्रापार पाठवायचे, ही कल्पनाच अनेकांना चैनीची वाटली असल्यास नवल नाही. लोकवर्गणीच्या आवाहनाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सरकारने काही रक्कम दिली आणि उरलेल्या खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी उचलला. आयोजकांनाही या क्षेत्राची माहिती तोकडीच होती. एक किस्सा नेहमी सांगितला जातो. शंभर मीटरच्या शर्यतीसाठी किती वेळाची पात्रता असावी, असे विचारल्यावर जिमखान्याचे एक जबाबदार सभासद म्हणाले, “एखादे मिनिट, फार तर दोन.” तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो हे कळल्यावर ते थक्क झाले. या किश्शावर आज हसू येते. पण हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की ज्यांना सेकंदाचे गणित ठाऊक नव्हते त्यांनीच हे धाडस केले. ज्यांना ठाऊक होते ते घरी बसले.

निवड चाचण्या होऊन जो चमू ठरला त्यात लांब पल्ल्यासाठी चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी, कमी पल्ल्यासाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे अशी नावे होती. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत यांना नेमण्यात आले. यादीवर नुसती नजर टाकली तरी तिचे वजन लक्षात येते. हिंदुस्थानच्या पहिल्या ऑलिंपिक चमूत बहुतेक जण दख्खनचे होते. राजपुत्र नव्हते, क्रिकेटपटू नव्हते, विलायतेत शिकलेले बॅरिस्टर नव्हते. तालमीतून आणि धुळीच्या रस्त्यांवरून आलेली ही माणसे होती.

जूनमध्ये त्यांनी मुंबईहून बोटीने प्रस्थान ठेवले. इंग्लंडला पोहोचल्यावर लंडनमध्ये काही आठवडे इंग्रज प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव झाला. त्यांनी कोणाच्या हाताखाली शिस्तबद्ध तयारी केली ती आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. ते परदेशात असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्याच दिवशी असहकाराच्या चळवळीला आरंभ झाला. ज्या देशातून हा चमू निघाला तो देश दोन महिन्यांत बदलला होता. पंधरवड्याने ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या निशाणाखाली अँटवर्पच्या मैदानात उतरले.

अँटवर्प तेव्हा जखमी शहर होते. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनांनी ते जिंकले आणि पुढील चार वर्षे आपल्या ताब्यात ठेवले. त्याच शरद ऋतूत बेल्जियमच्या ईप्र परिसरातील खंदकांत हिंदी सैनिक लढले होते आणि शेकड्यांनी मरण पावले होते. त्या मातीवर हिंदी माणसाचे पाऊल पडले ते असे, खेळाडूच्या आधी शिपायाचे. युद्धात सोसलेल्या हालांचा मान म्हणून १९२० चे ऑलिंपिक बेल्जियमला देण्यात आले, तयारीला जेमतेम दीड वर्ष मिळाले, आणि पैशांची ओढाताण तर शेवटपर्यंत राहिली. अनेक देशांच्या खेळाडूंना शाळांच्या इमारतींत खाटा टाकून झोपावे लागले. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना बोलावणेच नव्हते. १४ ऑगस्टला राजे आल्बर्ट यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. आज जगभर ओळखीचे असलेले पाच वर्तुळांचे निशाण ऑलिंपिकच्या मैदानावर त्या दिवशी प्रथम फडकले, आणि व्हिक्टर बॉइन या बेल्जियन खेळाडूने सर्वांच्या वतीने पहिली ऑलिंपिक शपथ घेतली.

येथे बेल्जियमच्या रस्त्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण तो देश त्या काळी रस्त्यावरच्या खेळाचे माहेरघर होता. फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल शर्यत, तूर द फ्रान्स, १९१२ पासून १९२२ पर्यंत जितक्या वेळा भरली (मधली चार वर्षे युद्धामुळे वगळता) तितक्या वेळा बेल्जियन स्वारानेच जिंकली. १९२० च्या जुलैत, म्हणजे ऑलिंपिकला महिनाही उरला नसताना, फिलिप तीस याने ती तिसऱ्यांदा जिंकून पराक्रमाची सीमा गाठली होती. तिच्या आगेमागे विजयी झालेले फिरमाँ लांबो आणि लेआँ सिएर हे दोघे फ्लोरेन नावाच्या एकाच लहानशा गावचे. लांबो खोगिरे करणारा. सिएर काचकारखान्यात फुंकणीवर काम करणारा, वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत सायकलवर बसलाही नव्हता. त्याला लांबोने शिकवले. शर्यतीत मोडलेले चाक पुरावा म्हणून दाखवण्याचा नियम होता, तेव्हा ते पाठीला बांधून सिएरने शेकडो किलोमीटर अंतर कापले आणि त्याचे वळ कायमचे अंगावर राहिले, असे सांगतात. लांबोने १९२२ मध्ये जिंकताना वयाची छत्तिशी गाठली होती. हीदेखील कष्टकऱ्यांची मुले होती, दख्खनच्या धावपटूंसारखीच. फरक असा की तेथे वृत्तपत्रे शर्यती भरवीत, सायकलचे कारखानदार स्वारांना पगार देत, गावोगावी लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांना नावाने हाका मारीत. खोगीर शिवणाऱ्याला रस्त्याने नवा व्यवसाय दिला. आपल्याकडचा रस्ता धावपटूला फक्त घरी परत आणून सोडीत असे.

ऑलिंपिकमध्ये मात्र पैसे घेऊन खेळणाऱ्यांना मज्जाव होता. त्यामुळे तीस किंवा लांबो तेथे नव्हते. अँटवर्पची १७५ किलोमीटरची सायकल शर्यत वेगळ्याच कारणाने गाजली. मार्गात रेल्वेची फाटके होती. दक्षिण आफ्रिकेचा काल्टनब्रून प्रथम आला असे आधी जाहीर झाले; मग स्वीडनच्या स्टेनक्विस्टला गाडी जाईपर्यंत बंद फाटकापाशी चार मिनिटे खोळंबावे लागले होते हे उघडकीस आले, ती चार मिनिटे वजा करण्यात आली आणि सुवर्णपदक त्याच्याकडे गेले. त्या ऑलिंपिकचा एकंदर कारभार असा होता.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला झाली. हवा थंड, पावसाळी. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर ठरलेले आहे. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. सुमारे पन्नास धावपटू मैदानातून बाहेर पडले. त्यांत फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन होते. १९१२ मध्ये स्टॉकहोमला तीन सुवर्णपदके मिळवलेला हा माणूस पुढे अमेरिकेत गवंडीकाम करीत होता. तरुणपण युद्धाच्या वर्षांत सरले तरी पाय शाबूत होते. त्यांच्या पाठीशी लागलेले एस्टोनियाचे यूरी लॉसमन अखेरपर्यंत हटले नाहीत. कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत आले, लॉसमन त्यांच्यामागून अवघ्या १२.८ सेकंदांनी. पावणेत्रेचाळीस किलोमीटर धावून तेरा सेकंदांहून कमी अंतर. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरियो आर्री यांनी अंतिम रेषा ओलांडल्यावर आनंदाच्या भरात चक्क कोलांट्या मारल्या. चौथे स्थान यजमानांच्या ओग्युस्त ब्रोस यांनी पटकावले.

आणि एकोणिसाव्या क्रमांकावर फडेप्पा चौगुले, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद.

या आकड्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. एकूण वेळेला अंतराने भागले तर प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ पडतो. आणि हा वेग एक-दोन नव्हे, जवळजवळ त्रेचाळीस किलोमीटर टिकवलेला. आज बेंगळुरूत दरवर्षी होणाऱ्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत आपले अनेक माजी विद्यार्थी आणि पालक उत्साहाने उतरतात. उत्तम बूट, मनगटावर वेग सांगणारे घड्याळ, ठरावीक टप्प्यांवर पाणी अशी सगळी जय्यत तयारी असते. त्यांतील किती जणांना दहा किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत पुरे करता येतात, हे ज्याने त्याने स्वतःशी आठवून पाहावे. चौगुल्यांनी तसे दहा-दहा किलोमीटर चार वेळा, न थांबता, परक्या हवेत, परक्या फरसबंदी रस्त्यांच्या देशात कापले. वर पावणेतीन किलोमीटर आणखी. विजेत्यापेक्षा ते सव्वाअठरा मिनिटांनी मागे राहिले हे खरे. पण विजेता तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी होता, आणि चौगुल्यांची पद्धतशीर तयारी लंडनमधल्या काही आठवड्यांची.

याच शर्यतीत आशियातील दुसऱ्या एका देशाचे धावपटू होते. जपानचे शिझो कानाकुरी सोळावे आले, चौगुल्यांच्या सुमारे दोन मिनिटे आधी. कानाकुरींची कहाणी विलक्षण आहे. १९१२ च्या स्टॉकहोम मॅरेथॉनमध्ये उन्हाच्या तडाख्याने ते मध्येच कोसळले. एका स्वीडिश कुटुंबाने त्यांना घरी नेऊन सावरले. शरमेने ते कोणाला न कळवताच मायदेशी परतले आणि स्वीडनच्या दप्तरी ‘बेपत्ता’ राहिले. पेशाने ते शिक्षक, भूगोल शिकवीत. अपयश पचवून त्यांनी काय केले, तर लांब पल्ल्याच्या धावण्याला जपानच्या शाळा-महाविद्यालयांत रुजवले. १९२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे अँटवर्पच्याच वर्षी, तोक्योपासून हाकोनेच्या डोंगरापर्यंत आणि परत अशी विद्यापीठांची सांघिक शर्यत त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ती आजही नववर्षाच्या दिवसांत होते आणि सारा देश ती पाहतो. अँटवर्पहून परतल्यावर मुलींच्या शाळेत शिकवताना त्यांनी मुलींना मैदानावर आणण्यासाठीही खटपट केली.

सोळावा आणि एकोणिसावा यांच्यात तीन क्रमांकांचे अंतर होते. मायदेशी परतल्यावर ते अंतर वाढतच गेले. जपानमध्ये एका शिक्षकाने आपल्या अपुऱ्या शर्यतीतून परंपरा उभी केली. सोळा वर्षांनी, १९३६ मध्ये, बर्लिनची मॅरेथॉन जपानच्या निशाणाखाली जिंकली गेली. ती जिंकणारे सोन की-जोंग हे कोरियाचे होते, जपानने गिळंकृत केलेल्या देशाचे. विजयमंचावर ते मान खाली घालून उभे राहिले. राज्यकर्त्यांच्या निशाणाखाली धावणे म्हणजे काय, हे चौगुल्यांना सांगावे लागले नसते. आपल्याकडे मात्र चौगुल्यांच्या वेळेची कोणी चर्चा केली नाही, त्यांच्या अनुभवावर शाळाखात्याने काही आखले नाही, त्यांच्या मागून दहा मुले रस्त्यावर उतरली नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महादेव सिंग मॅरेथॉनमध्ये एकोणतिसावे आले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. लगेच १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले आणि देशाची नजर जी हॉकीकडे वळली ती कित्येक दशके वळलेलीच राहिली. त्यात हॉकीचा दोष नाही. पण ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये एकोणिसाव्याच्या वर जायला भारताला छप्पन्न वर्षे लागली. शिवनाथ सिंग १९७६ मध्ये माँट्रियलला अकरावे आले. तेही शेतकऱ्याच्या घरचे, सैन्यात वाढलेले, आणि तेही कित्येक शर्यती अनवाणी धावलेले. म्हणजे १९१९ मध्ये दोराबजींनी पुण्यात जे पाहिले ते सत्तावन्न वर्षांनंतरही फारसे बदलले नव्हते.

चौगुल्यांचा हा क्रमांक मागे पडला तसा चमूतील आणखी एक पराक्रम त्याहून मागे पडला. अँटवर्पच्या कुस्तीत साठ किलो वजनगटात रणधीर शिंदे उतरले. आयुष्य तांबड्या मातीत गेलेले, हौद्यातली माती, तिची ओल, तिच्यातला लिंबू-ताकाचा वास ओळखीचा. येथे गादी होती आणि नियमही अनोळखी. शिंद्यांनी ग्रेट ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवले. उपान्त्य फेरीत अमेरिकेच्या सॅम्युएल गर्सनकडून ते पराभूत झाले. गर्सनला पुढे रौप्यपदक मिळाले. कांस्यपदकाची लढत ब्रिटनच्याच फिलिप बर्नार्डशी होती. ती शिंदे हरले आणि चौथे आले. कुमार नवले पहिल्याच फेरीत बाद झाले, बॅनर्जींची धाव प्राथमिक फेरीतच संपली, दातारांच्या वाट्याला यश आले नाही.

खाशाबा जाधवांचे नाव मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे, आणि ते असायलाच हवे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही गोष्ट शिक्षकांच्या प्रत्येक पिढीने अभिमानाने सांगितली आहे. परंतु त्या पदकाच्या बत्तीस वर्षे आधी मातीतलाच एक मराठी मल्ल पदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर पोहोचला होता, हे सांगणारा क्वचितच भेटतो. चौथ्याला पदक नसते. एकोणिसाव्याची तर गोष्टच नाही.

या माणसांची नावेदेखील सुखरूप राहिलेली नाहीत. ऑलिंपिकच्या अधिकृत निकालांत आणि त्यांवरून तयार झालेल्या जगभरच्या सूच्यांत रणधीर शिंद्यांच्या आडनावाला शेवटी एक ‘स’ चिकटला आणि ते ‘शिंदेस’ झाले. सदाशिव दातारांच्या नावातला ‘व’ कोणा लेखनिकाला ‘र’ वाटला. ते आजही ‘सदाशिर दातार’ म्हणून नोंदलेले आढळतात. शंभर वर्षे लोटली तरी ही अक्षरे दुरुस्त करून घ्यावीत असे कोणाला वाटले नाही. शाळेच्या दाखल्यावर पाल्याच्या नावात एक वेलांटी चुकली तरी पालक दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर होतात; या दोघांच्या वतीने हजर राहायला कोणी नव्हते.

दोराबजी टाटा १९३२ मध्ये जर्मनीत निवर्तले. आपली बहुतेक सर्व संपत्ती त्यांनी विश्वस्त निधीकडे सोपवली. विज्ञान संस्थेच्या मुख्य इमारतीसमोर त्यांच्या वडिलांचा पुतळा उभा आहे, आणि त्या आवारातल्या झाडांखालून बेंगळुरूचे कित्येक लोक पहाटे धावतात. पहिला ऑलिंपिक चमू पाठवणाऱ्या पुत्राची आठवण त्या धावणाऱ्यांपैकी कोणाला असेल असे वाटत नाही.

शिझो कानाकुरींना १९६७ मध्ये स्वीडनने सन्मानाने बोलावले. पंचाहत्तर वर्षांचे ते गृहस्थ स्टॉकहोमच्या मैदानात काही पावले धावले आणि १९१२ ची अर्धवट राहिलेली शर्यत पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. ध्वनिक्षेपकावरून वेळही वाचून दाखवली गेली : चोपन्न वर्षे आणि काही महिने. अँटवर्पच्या निकालपत्रकात त्यांच्याखाली दोन ओळी सोडून बेळगावच्या धावपटूचे नाव आहे. त्याची अक्षरे तेवढी नीट राहिली आहेत.